तबकडीतलं गाणं आणि अंगणातलं गाणं

मेक्सिकोची गाणी ऐकायला लागलेला माणूस पहिल्याच आठवड्यात एका ठिकाणी अडतो. कुणीतरी एखादं गाणं सुचवलेलं असतं. ते यूट्यूबवर शोधावं, तर एकाच नावाची आठ-दहा ध्वनिमुद्रणं समोर येतात. एक स्टुडिओतलं, एकावर ‘एन विवो’ (लाइव्ह) असं लिहिलेलं, एक स्टेडियममधलं, एक कुणाच्या तरी लग्नात मोबाइलवर टिपलेलं. चाल एकच असते, पण एकात गायक शांत आणि नेमका गातो, तर दुसऱ्यात निम्मं गाणं श्रोतेच गातात. यातलं ऐकायचं कोणतं?

दोन्ही ऐकायचं, पण क्रमाने आणि वेगवेगळ्या कामासाठी. या संगीतात गाणं समजतं स्टुडिओतल्या ध्वनिमुद्रणातून, आणि ते गाणं कशासाठी आहे हे कळतं प्रत्यक्ष मैफलीत. मेक्सिकोत ही गाणी वाढदिवसाच्या पहाटे खिडकीखाली गातात, नाचाच्या रात्री वाजवतात, दफनाच्या वेळी कबरीजवळ गातात. तो प्रसंग वगळून गाणं ऐकलं तर कानाला गोड लागतं, पण अर्धंच हाती येतं.

मी ह्यूस्टनला राहते. वर्षभर मी मारियाची, म्हणजे तारांच्या वाद्यांचा आणि कर्ण्यांचा मेक्सिकन वाद्यवृंद, फोनच्या स्पीकरवर ऐकत होते आणि मला वाटायचं की या संगीतात खर्ज जवळजवळ नाहीच, नुसती व्हायोलिनं आणि कर्णे. मग शेजारच्या घरी मुलीचा पंधरावा वाढदिवस झाला. त्याला ‘किन्सेआन्येरा’ म्हणतात आणि तो लग्नासारखा थाटात करतात. अंगणात आठ जणांचा मारियाची आला. त्यांनी वाजवलेलं तिसरं गाणं माझ्या रोजच्या ऐकण्यातलं होतं. पण गितार्रोनचा, म्हणजे खर्जाच्या मोठ्या गिटारचा, पहिला ठोका छातीत लागला, तेव्हा कळलं की मी हे गाणं आजवर ऐकलंच नव्हतं. पुढच्या पायऱ्या त्या दिवसानंतर चुकतमाकत सापडलेल्या आहेत.

पायरी १ : आधी एक शाखा धरा

‘प्रादेशिक मेक्सिकन संगीत’ हे नाव मुळात अमेरिकेतल्या रेडिओवाल्यांनी आणि रेकॉर्ड कंपन्यांनी विक्रीच्या सोयीसाठी रूढ केलं. मेक्सिकोतला माणूस ‘मी प्रादेशिक ऐकतो’ असं म्हणत नाही. तो म्हणतो, आमच्याकडे बांदा चालतो, आमच्याकडे नॉर्तेन्यो. त्यामुळे सगळं एकदम ऐकायला जाऊ नका.

मारियाची हा पश्चिमेकडचा, हालिस्को आणि आसपासच्या राज्यांतला. व्हायोलिनं, कर्णे, गिटार, पाच तारांची छोटी फुगीर पाठीची विउएला आणि सहा तारांचा अगडबंब गितार्रोन. नॉर्तेन्यो हा उत्तरेकडचा, सीमेलगतचा. बटणांचा अकॉर्डियन आणि बारा तारांचा बाखो सेक्स्तो हे त्याचे दोन खांब. ‘कोरिदो’ नावाची कथागीतं इथे भरभरून गायली जातात. घडलेली गोष्ट, माणसांची नावं, गाव, साल, शेवटी निरोप अशी त्यांची रचना असते, आणि पोवाडा ऐकलेल्या कानाला ती परकी वाटत नाही. बांदा हा सिनालोआ राज्याचा. पंधरा-सोळा जणांचं पितळी वाद्यांचं पथक, त्यात क्लॅरिनेट, कर्णे, ट्रॉम्बोन, ‘चार्चेता’ म्हणतात ते मधल्या आवाजाचे कर्णे, ट्यूबा, आणि वर झांज बसवलेला मोठा ढोल, म्हणजे ताम्बोरा. क्रूस लिसार्रागा यांनी १९३८ साली एल रेकोदो या गावात सुरू केलेलं पथक आजही वाजतं आहे. सिएर्रेन्यो ही डोंगराळ भागातली गिटारांची शैली, आणि तिच्यातूनच गेल्या काही वर्षांत हिप-हॉपची छटा असलेले ‘कोरिदोस तुम्बादोस’ निघाले. टेक्ससमध्ये रुजलेला तेहानो हा आणखी एक प्रकार.

माझा सल्ला असा की सुरुवात नॉर्तेन्योपासून करा. वाद्यं चार-पाचच असतात, कान लवकर सरावतो. बांदा तिसऱ्या-चौथ्या महिन्यासाठी ठेवा. सोळा वाद्यं एकदम अंगावर आली की नवख्याला नुसता गोंगाट ऐकू येतो, आणि तो माणूस पुन्हा तिकडे फिरकत नाही. हे मी घरातच पाहिलं आहे.

पायरी २ : स्टुडिओतलं गाणं तीनदा ऐका

फोनचा स्पीकर बंद करून हेडफोन लावा. हे मी आग्रहाने सांगते, कारण फोनचा इवलासा स्पीकर ट्यूबाचे आणि गितार्रोनचे खालचे सूर देऊच शकत नाही. माझं वर्ष त्यात गेलं.

पहिल्यांदा ऐकाल तेव्हा फक्त खर्जाच्या वाद्यामागे जा. नॉर्तेन्योत तो बास गिटार असेल किंवा ‘तोलोलोचे’ म्हणतात तो उभा बास. मारियाचीत गितार्रोन. त्यावर बहुधा दोन तारा एकदम छेडून तोच सूर दोन सप्तकांत वाजवतात, म्हणून ध्वनिवर्धकाशिवायही तो लांबपर्यंत पोचतो. दुसऱ्यांदा ऐकाल तेव्हा गायक थांबतो त्या जागा ऐका. नॉर्तेन्योत गायकाची ओळ संपली की अकॉर्डियन बोलतो, आणि अकॉर्डियन थांबला की गायक. दोघं एकमेकांच्या अंगावर जात नाहीत. ही शिस्त स्टुडिओत काचेसारखी स्पष्ट ऐकू येते, नाचाच्या रात्री येईलच असं नाही. तिसऱ्यांदा शब्द समोर ठेवून ऐका. स्पॅनिश येत नसेल तर भाषांतर करून घ्या, पण कोरिदो शब्दांवाचून ऐकू नका.

इथे थोडं मागे जायला हवं. आज ज्याला आपण गाण्याचं ‘मूळ रूप’ समजतो, ते पुष्कळदा यंत्राच्या मर्यादेतून आलेलं असतं. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटं मावायची. अंगणात कोरिदो गाणारा माणूस कडव्यामागून कडवी गायचा, त्याला घड्याळ नव्हतं. ग्रेगोरिओ कोर्तेस हा टेक्ससमधला शेतमजूर. १९०१ साली त्याच्या हातून एक शेरीफ मारला गेला आणि मग घोडेस्वारांच्या तुकड्या त्याच्या मागे लागल्या. त्याचा कोरिदो १९२९ मध्ये पेद्रो रोचा आणि लुपे मार्तिनेस यांनी ध्वनिमुद्रित केला, तेव्हा तो तबकडीच्या दोन बाजूंवर तोडून ठेवावा लागला. गोष्ट ऐन रंगात आली की उठून तबकडी उलटवायची. ज्या गाण्यांना दुसरी बाजू मिळाली नाही त्यांची कडवी गळाली, आणि पुढच्या पिढीला तेवढंच गाणं पाठ झालं.

त्याच काळात रेकॉर्ड कंपन्यांची माणसं टेक्ससमधल्या सॅन अँटोनियोला येऊन हॉटेलच्या खोल्यांत यंत्रं मांडून ध्वनिमुद्रण करत. लिदिया मेंदोसा ही मुलगी तिथल्या बाजारचौकात, प्लासा देल साकातेमध्ये, बारा तारांची गिटार घेऊन नाण्यांसाठी गायची. १९३४ साली तिची तबकडी निघाली आणि तिचं नाव सीमेच्या दोन्ही बाजूंना झालं. आवाज तोच, गिटार तीच. बाजारातला गलका तेवढा गेला. तिची जुनी ध्वनिमुद्रणं ऐकताना मला तो गलका हवासा वाटतो.

मारियाचीचं तर अख्खं रूपच माध्यमाने बदललं. जुन्या गावाकडच्या मारियाचीत कर्णा पक्का नव्हता. व्हायोलिनं, विउएला, गितार्रोन, हार्प अशी तारांची वाद्यंच मुख्य. मेक्सिको सिटीत १८ सप्टेंबर १९३० ला एक्सईडब्ल्यू हे रेडिओ केंद्र सुरू झालं, आणि त्यानंतरच्या दोन दशकांत कर्णा मारियाचीत ठाण मांडून बसला. कर्ण्याचा आवाज रेडिओतून खणखणीत जायचा. आज गल्लीतल्या मारियाचीतही कर्णे नसतील तर लोकांना चुकल्यासारखं वाटतं. रेडिओने घडवलेलं वाद्यवृंदाचं रूप अंगणात उतरलं आणि तिथलंच होऊन गेलं. म्हणून प्रत्यक्ष मैफल म्हणजे अस्सल आणि स्टुडिओ म्हणजे कृत्रिम, असं जे कुणी ठासून सांगतं त्याचं मला पटत नाही. ही देवाणघेवाण शंभर वर्षांची आहे.

पायरी ३ : तेच गाणं, आता लोकांसमोर

या पायरीला घाई करू नका. एका आठवड्याला एक जोडी पुरे. माझ्या आवडीच्या जोड्या सांगते.

पहिली जोडी टेक्ससच्या सेलेना या तेहानो गायिकेची. ‘कोमो ला फ्लोर’ हे तिचं १९९२ सालच्या अल्बममधलं गाणं. स्टुडिओत ते आटोपशीर, गोड कुम्बिया, म्हणजे नाचाच्या ठेक्याचं गाणं आहे, पहिल्या क्षणापासून ठेका सुरू. आता ७ फेब्रुवारी १९९३ ला कॉर्पस क्रिस्टी या तिच्या गावी झालेल्या कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण लावा, किंवा २६ फेब्रुवारी १९९५ चं ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोडोममधलं. तिथे ती ठेका येऊच देत नाही. पहिले शब्द संथ, जवळजवळ आलापीसारखे ओढते, थांबते, लोकांना ओरडू देते, पुन्हा ओढते. सगळ्यांना माहीत असतं की कुम्बिया येणार आहे, आणि ती तो लांबवत राहते. स्टुडिओत असं करता येत नाही, कारण समोर वाट बघणारं कुणी नसतं.

दुसरी जोडी मेक्सिकोचा गीतकार-गायक हुआन गाब्रिएल याची, आणि तिच्यात गाणारे दोन आहेत. ‘आमोर एतेर्नो’ हे त्याने लिहिलेलं गाणं १९८४ साली रोसिओ दुर्काल या स्पॅनिश गायिकेने स्टुडिओत गायलं. तिचं गाणं संयत आहे, दुःख आवरून धरलेलं. लेखकाच्या स्वतःच्या आवाजातलं सर्वांत गाजलेलं रूप मात्र १९९० चं, मेक्सिको सिटीतल्या पालासिओ दे बेयास आर्तेस या राष्ट्रीय कलामंदिरातल्या मैफलीतलं. मागे सिम्फनी वाद्यवृंद, शेजारी मारियाची. लोकप्रिय गायकाला तिथे गाऊ द्यावं का यावर तेव्हा बराच वाद झाला होता. गाण्यात तो श्रोत्यांना इतका वेळ देतो की अखेर तेच गाऊ लागतात. मेक्सिकोत हे गाणं गेलेल्या माणसासाठी, विशेषतः आईसाठी, गायलं जातं. दोन्ही लागोपाठ ऐका, पण कामाच्या मधल्या वेळात नको.

तिसरी जोडी लोस तिग्रेस देल नोर्ते या नॉर्तेन्यो गटाची. हे मूळचे सिनालोआतल्या रोसा मोरादा गावचे भाऊ आणि चुलतभाऊ, वाढले कॅलिफोर्नियातल्या सॅन होसेत. ‘ला हाउला दे ओरो’, म्हणजे सोन्याचा पिंजरा, हे त्यांचं १९८४ चं गाणं. कागदपत्रांविना अमेरिकेत आलेला बाप, त्याला घरी परतायचं आहे, आणि मुलं तर इकडचीच झाली आहेत. स्टुडिओतल्या ध्वनिमुद्रणात मधेच बाप मुलाला स्पॅनिशमध्ये विचारतो, आपण परत जाऊ या का, आणि मुलगा इंग्रजीत उत्तर देतो. तो छोटा संवाद म्हणजे स्टुडिओची करामत आहे, एखाद्या नभोनाट्यासारखी. २०११ साली हॉलिवूड पॅलेडियममध्ये झालेल्या ‘अनप्लग्ड’ कार्यक्रमात त्यांनी हेच गाणं कोलंबियाचा गायक हुआनेस याच्याबरोबर गायलं. तिथे श्रोत्यांतल्या कितीतरी जणांसाठी ते स्वतःच्या घरचं गाणं आहे, हे ओरडण्यातून कळतं. परदेशात मुलं वाढवणाऱ्या मराठी आईबापांना या गाण्याचा अर्थ वेगळा समजावून द्यावा लागत नाही. मला तरी लागला नाही.

चौथं उदाहरण विसेंते फर्नांदेस यांचं. ‘बोल्वेर, बोल्वेर’ हे त्यांचं १९७२ चं रांचेरा, म्हणजे ग्रामीण ढंगाचं भावगीत. १६ एप्रिल २०१६ ला एस्तादिओ आस्तेका या प्रचंड स्टेडियममध्ये त्यांनी निरोपाची मैफल केली. तुम्ही टाळ्या वाजवायच्या थांबत नाही तोवर तुमचा चेंते (हे त्यांचं लाडकं नाव) गायचा थांबत नाही, हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, आणि ते पाळत कित्येक तास गात राहायचे. त्या रात्री वय आवाजात ऐकू येतं. स्टुडिओतला बत्तीस वर्षांचा गायक वरचा सूर सहज घेतो. आस्तेकातला शहात्तर वर्षांचा माणूस तो लोकांच्या हाती सोपवतो, आणि हजारो माणसं तो उचलतात. मला दुसरा जास्त आवडतो. माझ्या मुलाला पहिला. आमचं यावर एकमत झालेलं नाही.

ऐकताना वहीत चार गोष्टी टिपा : लय वाढली की उतरली, पट्टी बदलली का, किती वेळ गाणारा माणूस गातच नव्हता, आणि कोणतं कडवं गाळलं. उतारवयात पट्टी खाली आणणारे गायक बरेच आहेत, त्याला कमीपणा मानू नका. शिवाय नाचाच्या रात्री दोन-तीन गाणी जोडून ‘पोपुर्री’ करतात. एखादं गाणं अर्ध्यातच दुसऱ्यात शिरलं तर तो तुकडा अपुरा टिपलेला असेलच असं नाही, ती पद्धतच आहे.

पायरी ४ : ‘एन विवो’ या दोन शब्दांवर लगेच विश्वास ठेवू नका

‘एन विवो’ म्हणजे जिवंत, प्रत्यक्ष. पण या शब्दांखाली निदान तीन वेगळे प्रकार विकले जातात.

एक, खरोखर लोकांसमोरचा कार्यक्रम. दोन, लोक नसलेलं, पण सगळ्यांनी एका खोलीत बसून एकाच दमात वाजवलेलं ध्वनिमुद्रण. सिएर्रेन्यो आणि तुम्बादो गटांत हे फार चालतं : तीन-चार जण खुर्च्या मांडून गोल बसतात, समोर माइक, एखादा कॅमेरा, आणि गाणं. टेक्ससच्या एडिनबर्गमधल्या ग्रुपो फ्रोंतेरा या गटाचं २०२२ मध्ये गाजलेलं ‘नो से बा’ याच जातीचं. मूळ गाणं कोलंबियाच्या मोरात या पॉप गटाचं, यांनी ते नॉर्तेन्यो-कुम्बिया करून असं वाजवलं आणि शीर्षकातच ‘एन विवो’ घातलं. नवखा माणूस त्यात टाळ्या शोधत बसतो. इथे ‘जिवंत’चा अर्थ वाद्यं एकमेकांकडे बघत वाजली, एवढाच, आणि तो छोटा अर्थ नाही. स्टुडिओत प्रत्येक वाद्य वेगवेगळ्या दिवशी ठोक्याच्या आवाजावर वाजवून नंतर जोडता येतं. एकत्र वाजवताना बाखो सेक्स्तोवाला अकॉर्डियनवाल्याच्या श्वासाबरोबर जातो. फरक कानाला कळतो.

तीन, मिश्र माल. सेलेनाच्या १९९३ च्या त्या ‘लाइव्ह’ अल्बमला ग्रॅमी मिळालं, तरी त्यात तीन नवी गाणी स्टुडिओतली आहेत. ती तशी ठेवण्यात फसवणूक काही नाही, फक्त ऐकणाऱ्याला माहीत असावं. त्यापलीकडे टाळ्या नंतर मिसळणं, घसरलेली ओळ स्टुडिओत पुन्हा गाऊन चिकटवणं हेही संगीताच्या धंद्यात नवं नाही.

ओळखायचं कसं? दोन गाण्यांच्या मधला आवाज ऐका. खऱ्या कार्यक्रमात तो तुटत नाही; गुणगुण, शिट्ट्या, कुणाचं तरी खोकणं, वाद्य जुळवणं चालू राहतं. प्रत्येक गाण्यानंतर टाळ्या सारख्याच लांबीच्या आणि सारख्याच जोराच्या असतील तर शंका घ्या. गायक गावाचं नाव घेतो का, समोरच्या कुणाला ‘सालुदो’ म्हणजे रामराम पाठवतो का, हे पाहा. आणि त्याचा आवाज माइकपासून मधूनच दूर जातो का? स्टुडिओत तो कधीच जात नाही.

पायरी ५ : आता घराबाहेर पडा

अमेरिकेत असाल तर हे सोपं आहे. सॅन अँटोनियोत १९८२ पासून दर वर्षी तेहानो कोन्हुंतो महोत्सव भरतो, अकॉर्डियन आणि बाखो सेक्स्तो जवळून बघायला यासारखी जागा नाही. लॉस एंजेलिसला हॉलिवूड बोल या खुल्या रंगमंदिरात उन्हाळ्यात मारियाचीचा मोठा कार्यक्रम होतो. ह्यूस्टनला मार्चमधल्या रोडिओच्या जत्रेत एखादा मोठा मेक्सिकन गट हमखास असतो. पण माझं ऐकाल तर पहिला अनुभव स्टेडियममध्ये घेऊ नका. रविवारी दुपारी मारियाची येतो असं एखादं साधं मेक्सिकन खाणावळवजा रेस्टॉरंट शोधा. तीन हातांच्या अंतरावर वाजणारा गितार्रोन तुम्हाला स्टेडियममध्ये कुठून मिळणार?

मेक्सिकोला जाणार असाल तर मेक्सिको सिटीतलं गारिबाल्दी चौक हे भाड्याने मारियाची मिळण्याचं ठिकाण. २२ नोव्हेंबर, संत सेसिलियाचा दिवस, हा वादकांचा सण; तेव्हा तिथे वेगळीच गर्दी असते. ग्वादालाहारात १९९४ पासून ऑगस्टअखेर मारियाचीचा आंतरराष्ट्रीय मेळा भरतो. सिनालोआत मासात्लानच्या किनाऱ्यावर बांदा पथकं पर्यटकांसाठी वाजवत फिरतात. २०२४ च्या मार्चमध्ये हॉटेलवाल्यांनी आवाजाची तक्रार केली, तेव्हा या वादकांनी वाद्यं घेऊन रस्त्यावर निषेध केला होता. किनारा हीच त्यांची रोजीरोटीची जागा आहे.

दोन शब्द ओळखून ठेवा. ‘बाइले’ म्हणजे नाचाची रात्र. तिथे मंचाकडे तोंड करून बसायचं नसतं, जोडीने नाचायचं असतं. गट तासन्‌तास वाजवतो आणि मुख्य गट पुष्कळदा मध्यरात्रीच्या सुमारास येतो, म्हणून दुपारी झोप काढून जा. ‘पालेंके’ म्हणजे जत्रेतली गोल रिंगणाची जागा, मूळची कोंबड्यांच्या झुंजीची. गायक मधोमध उभा राहून चारी बाजूंना फिरत गातो, लोक अगदी हाताच्या अंतरावर. पालेंकेतल्या ध्वनिमुद्रणांत आवाज मधूनच दूर-जवळ होतो तो त्यामुळे. कोंबड्यांची झुंज बघवत नसेल तर उशिरा जा, गाणं त्यानंतरच असतं.

बांदाच्या जवळ उभं राहायचं असेल तर कानात बोळे घाला. ताम्बोरा आणि पितळ बंद मांडवात कानाला खरोखर इजा करू शकतात. लहान मूल बरोबर असेल तर मागेच थांबा.

पायरी ६ : फर्माईश, पैसे आणि ओरडणं

स्टुडिओतल्या गाण्याला तुम्ही काही सांगू शकत नाही. इथे सांगू शकता, किंबहुना सांगावंच लागतं. मारियाची टेबलापाशी आला की दर गाण्याचा आहे की तासाचा, आणि किती वादक, हे गाणं सुरू व्हायच्या आधी ठरवा. ‘क्वांतो पोर कान्सियोन?’, म्हणजे एका गाण्याचे किती, एवढं विचारलं की काम होतं. नंतर घासाघीस करणं त्यांनाही आवडत नाही, तुम्हालाही अवघड होतं. लोस तिग्रेससारखा मोठा गटही लोकांच्या चिठ्ठ्या मंचावर घेतो आणि त्यावरची गाणी गातो. त्यामुळे चिठ्ठी देताना संकोच नको.

गाणं निवडताना मात्र प्रसंग बघा. मी पहिल्यांदा फर्माईश केली ती एका रविवारी, भर रेस्टॉरंटमध्ये, ‘आमोर एतेर्नो’ची. मला तेवढंच गाणं पाठ होतं. दुसऱ्या कडव्याला शेजारच्या टेबलावरच्या बाई रडू लागल्या. त्यांची आई त्याच महिन्यात गेली होती. त्यांनी मला दोष दिला नाही, उलट जाताना माझा हात धरला. तेव्हापासून मी आधी वादकांनाच विचारते, आज इथे काय चांगलं वाटेल. वाढदिवस असेल तर ‘लास मान्यानितास’ मागा, त्यात चूक होण्याची शक्यता नाही.

गाण्याच्या मधे लोक जी लांब, चढत जाणारी आरोळी देतात तिला ‘ग्रितो’ म्हणतात. ती दाद आहे. नवख्याला वाटतं की कुठेही ओरडलं तरी चालतं, तसं नाही. गायकाची ओळ संपून वाद्यं पुढे येतात ती त्याची जागा. पहिल्या महिन्यात स्टुडिओतलं गाणं ऐकताना ज्या रिकाम्या जागा हेरल्या होत्या, त्या इथे कामाला येतात.

पायरी ७ : जे गायलं जाणार नाही

अमली पदार्थांच्या टोळ्यांचा गौरव करणारे कोरिदो प्रत्यक्ष गायला मेक्सिकोतल्या काही राज्यांत आणि शहरांत बंदी आहे. चिवावा शहराने २०१२ साली लोस तिग्रेसवरही बंदी घातली होती. ध्वनिमुद्रण फोनवर सहज मिळतं, मंचावर मात्र तेच गाणं नाही. एप्रिल २०२५ मध्ये मेक्सिको सिटीजवळच्या तेश्कोकोच्या जत्रेत लुईस आर. कोन्रीकेस या गायकाने बंदीमुळे अशी गाणी गायचं नाकारलं, तेव्हा प्रेक्षकांतल्या काहींनी मंचावर चढून वाद्यांची मोडतोड केली. तुम्ही पाहुणे आहात. अशा गाण्याची फर्माईश करू नका, आणि गर्दीचा सूर बिघडला तर गाणं संपायची वाट न पाहता निघा. १९९२ साली चालिनो सांचेस हा गायक कुल्याकानमधल्या कार्यक्रमानंतर मारला गेला. तो ज्यांच्याबद्दल गात होता ती माणसं श्रोत्यांत बसलेली असायची. त्याची ध्वनिमुद्रणं खरखरीत आहेत, आवाज सुरातून सुटतो, आणि त्याच्या चाहत्यांना ती तशीच हवी असतात.

पायरी ८ : मोबाइलवर टिपणार असाल तर

अर्धं मिनिट पुरे. ताम्बोराच्या समोर फोन धरू नका, नुसता फाटका आवाज येईल. व्हायोलिनांच्या किंवा अकॉर्डियनच्या बाजूला उभ्या राहा. मग फोन खिशात ठेवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तेच गाणं स्टुडिओतलं लावा. त्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी मी लावलं होतं, चहा करता करता, फोनच्या त्याच इवल्या स्पीकरवर. गितार्रोन त्यातून येत नव्हता, येणं शक्यच नव्हतं. तरी प्रत्येक ठोक्याची जागा मला ठाऊक होती, आणि ओट्यावर माझं बोट तिथे बरोबर पडत होतं.